आरसा कशासाठी असतो? – धर्मानंदांचा बुद्ध

पुस्तकांच्या दुकानात अलीकडे मनःशांतीसाठी वेगळे कपाटच असते. त्यातली निम्मी पुस्तके बुद्धाचे नाव घेतात आणि बहुतेक इंग्रजीवरून मराठीत आलेली असतात. 'सजगता' हा त्यांचा आवडता शब्द. श्वासाकडे लक्ष द्या, चहाचा घोट सावकाश घ्या, मन हलके होईल, असे ती सांगतात. त्यात खोटे काही नाही. पण ही पुस्तके वाचताना एक गोष्ट खटकत राहते. त्यांतला बुद्ध कुणाशी वागताना-बोलताना दिसतच नाही. तो एकटा डोळे मिटून बसलेला असतो आणि वाचकालाही तसाच एकटा बसवतो.

मूळ पाली शब्द आहे 'सति', म्हणजे संस्कृतातली स्मृती. तिला 'सजगता' हा प्रतिशब्द चुकीचा नव्हे, पण आपल्या घराघरांत याहून जवळचा शब्द आहे, तो 'भान'. "काय बोलतोस याचे भान ठेव" असे आई म्हणते, तेव्हा समोर कुणीतरी दुसरे माणूस असते आणि आपल्या बोलण्याने ते दुखावेल ही काळजी त्यात असते. बुद्धवचनांतही हा सांधा आहे. सुत्तनिपातातल्या मेत्तसुत्तात एकुलत्या एका लेकराला जपणाऱ्या आईची उपमा देऊन सर्व प्राण्यांविषयी अमर्याद मैत्री बाळगावी असे सांगितले आहे. आणि उभे असता, चालता, बसता, आडवे पडले असता हीच 'सति' धरावी, असे पुढे म्हटले आहे. तेथे भान आणि मैत्री या दोन वेगळ्या शिकवणी राहत नाहीत.

हा सांधा मराठीत कुणी नीट जपला असेल तर तो आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी, असे माझे मत आहे. आपल्या भागातल्या वाचकांना हा माणूस परका वाटण्याचे कारण नाही. जन्म १८७६ चा, गोव्यातील साखवाळचा; घरची भाषा कोकणी. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धाविषयी वाचले आणि ध्यास लागला. मग पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ आणि शेवटी सिंहल. परत आल्यावर बडोद्याच्या सयाजीरावांनी दरमहा ५० रुपये तीन वर्षे देऊ केले, ते महाराष्ट्रात राहून लिहिण्यासाठी. हार्वर्ड, लेनिनग्राड ही नावे त्यांच्या चरित्रात आहेतच. पण मोठे लेखन त्यांनी मराठीत केले, हे आपण विसरतो.

'भगवान बुद्ध' हा त्यांचा ग्रंथ १९४० च्या सुमारास निघाला. साहित्य अकादमीने तो पुढे अनेक भारतीय भाषांत नेला. भाषा इतकी साधी की आठवी-नववीतल्या मुलाने वाचावी. अलंकार नाही, भाविकतेचा पाझर नाही. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र घराबाहेर पडला ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो. ती मुळात विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाची आणि नंतर गौतमाला चिकटवलेली, असे ते दाखवून देतात. मध्यरात्री चोरपावलांनी निघून जाणेही त्यांना मान्य नाही. प्राचीन सुत्तात आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत तो निघाला असे आहे. मग निघाला का? कोसंबी बोट ठेवतात ते अत्तदण्डसुत्तावर. माणसे हातात शस्त्र घेऊन एकमेकांवर उठली आहेत, आटत्या पाण्यातल्या मासळीसारखी तडफडत आहेत. ते पाहून त्याला भय वाटले.

मला हे स्थळ ग्रंथातले सर्वांत मोलाचे वाटते. गृहत्यागाचे मूळ येथे स्वतःच्या मरणाच्या भीतीत नाही, दुसऱ्यांच्या भांडणाकडे डोळे उघडे ठेवून पाहण्यात आहे. त्यापुढे शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा येतो, तेव्हा खानापूर तालुक्यात उगम पावून गोव्यात जाणाऱ्या म्हादईच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो फार दूरचा वाटत नाही. (लवादाचा निवाडा २०१८ साली झाला, बोलणे त्यानंतरही थांबले नाही.) मात्र येथे पुरावा थोडा कमी पडतो, हेही सांगितले पाहिजे. अट्ठकथांत रोहिणीचा तंटा येतो तो बुद्धत्वप्राप्तीनंतर, बुद्ध मध्यस्थी करतो त्या प्रसंगी. त्याला गृहत्यागाचे कारण करणे हा तर्क आहे; देखणा आहे, पण तर्कच. डॉ. आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याच तंट्याला आणखी मोठे स्थान मिळाले.

कोसंबींची दुसरी कामगिरी त्याहून पक्की. अशोकाने भाब्रू येथील लेखात सात धर्मग्रंथ वाचावेत असे कोरून ठेवले. ते त्रिपिटकात कोणते, याचा शोध घेणारा लेख त्यांनी १९१२ साली लिहिला. त्या सातांत राहुलाला असत्याविषयी केलेला उपदेश आहे. बुद्ध पाय धुतो, भांड्यात थोडेसे पाणी ठेवतो आणि मुलाला विचारतो, हे उरलेले दिसते का? जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याचे श्रमणपण एवढेसेच. मग ते पाणी सांडतो, भांडे पालथे करतो, पुन्हा उलथून रिकामे दाखवतो. त्यानंतर विचारतो, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल म्हणतो. तसेच प्रत्येक कृती, वाणी आणि विचार करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे, की याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही दुःख होईल काय.

तीस वर्षे वर्गात उभा राहिलेल्या माणसाला यातली शिकवण्याची रीतच आधी मोहात पाडते. आवाज चढत नाही, छडी नाही, समोरचे भांडे पुरते. पण टीकाकार म्हणून माझा मुद्दा वेगळा आहे. येथे 'पाहणे' मनःशांतीसाठी नाही. दुसऱ्याला इजा होते का, ही त्या पाहण्याची कसोटी आहे. नव्या पुस्तकांतून नेमकी तीच गळते.

आता एक आक्षेप, आणि तो कोसंबींच्याच आरशातून घेतलेला. १८९९ च्या अखेरीस ते घर सोडून निघाले तेव्हा पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे राहिली. 'निवेदन' (१९२४) या आत्मकथनात ते स्वतःची ओढाताण प्रांजळपणे सांगतात, उपासमार आणि अपमानही हात न राखता लिहितात. पण बाळाबाईंची ती वर्षे कशी गेली, हे त्यांच्या तोंडून आपल्याला कोठेच ऐकू येत नाही. राहुलाला सांगितलेल्या प्रश्नातले 'दुसऱ्याला' हे पद येथे उघडेच राहते. हा दोष एकट्या धर्मानंदांचा म्हणता येणार नाही. आपल्या सगळ्या संतचरित्रांना तो लागू आहे. तरी ज्याने बुद्धाला आईवडिलांच्या रडण्यासमोरून नेले, त्या लेखकाकडून येथे दोन पाने अधिक मागावीशी वाटतात.

ज्यांनी दोन्ही वाचलेली नाहीत त्यांनी 'निवेदन' आधी घ्यावे, 'भगवान बुद्ध' नंतर. घरातली मुले इंग्रजी माध्यमात असतील तर 'निवेदना'चे इंग्रजी भाषांतर त्यांची नात मीरा कोसंबी यांनी केलेले आहे. एक प्रत मुलांच्या हाती, एक आपल्या, असेही वाचता येईल.