चौकीतला शिपाईही आपल्याच गावचा

१९६९ सालातल्या तीन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. जानेवारीत गोवा मुक्तिलढ्यातल्या आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे पोर्तुगालमधल्या काशियशच्या तुरुंगातून सुटले. ऑक्टोबर १९५५मध्ये गोव्यातल्या बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले, त्याला तेरा वर्षं झाली होती. गोवा मुक्त होऊनही सात वर्षं उलटली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रान्समध्ये झां-प्येर मेलव्हिल यांचा ‘आर्मी ऑफ शॅडोज’ प्रदर्शित झाला, आणि नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘सात हिंदुस्तानी’. दोन्ही चित्रपट परक्या सत्तेशी लपूनछपून लढणाऱ्यांचे. अब्बास यांचा तर थेट गोवा मुक्तिलढ्याचा.

मेलव्हिल यांच्या चित्रपटातला एक प्रसंग एकदा पाहिला की पाठ सोडत नाही. फितूर झालेल्या एका तरुण साथीदाराला मारायचं म्हणून तिघं जण त्याला भाड्याच्या घरात आणतात. तिथं गेल्यावर कळतं की शेजारच्या घरात माणसं राहायला आली आहेत, गोळीचा आवाज करून चालणार नाही. समोर तो पोरगा उभा आहे, आणि त्याला कशानं मारायचं याची त्याच्यादेखत कुजबुज चालली आहे. शेवटी टॉवेलनं गळा आवळायचं ठरतं. तिघांतल्या सगळ्यात लहान मुलानं याआधी कुणाला मारलेलं नाही. त्याचे डोळे भरून येतात, तरी तो पाय धरून ठेवतो. मेलव्हिल स्वतः फ्रेंच प्रतिकार चळवळीत होते. आपल्या माणसांची बदनामी करायला त्यांनी हा प्रसंग घातलेला नाही. स्वातंत्र्याची किंमत कुणी आणि कशी मोजली, हे त्यांना सांगायचं होतं.

‘सात हिंदुस्तानी’मध्ये असा प्रसंग नाही. वेगवेगळ्या प्रांतांतली सहा माणसं आणि गोव्याची मारिया पोर्तुगीज हद्दीत शिरून तिरंगा फडकवायचं ठरवतात. अमिताभ बच्चन यांचा अभिनेता म्हणून हा पहिला चित्रपट. राष्ट्रीय एकात्मतेसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि कैफी आझमींना गीतलेखनाचा. चित्रपट मनापासून केलेला आहे आणि त्याचं एक निरीक्षण आजही खरं आहे: लढा संपल्यावर हीच माणसं भाषा, प्रांत आणि धर्म यांच्या नावानं एकमेकांपासून तुटतात. तडजोड होते, पण लढाईनंतर. लढाईच्या काळात प्रत्येक जण निष्कलंक. अब्बास यांनी दुखरी जागा ओळखली होती, बोट मात्र तिच्या शेजारी ठेवलं.

त्यानंतरच्या पन्नासेक वर्षांत हे बोट फारसं पुढं सरकलेलं नाही. ‘जोहर मेहमूद इन गोवा’नं १९६५मध्येच या विषयाचा विनोदपट केला होता. १९८३च्या ‘पुकार’नं त्याचा मसालापट केला. इंग्रजी ‘द सी वुल्व्हज’मध्ये (१९८०) दुसऱ्या महायुद्धातला मुरगाव बंदरावरचा ब्रिटिश छापा आहे, पण गोंयकार त्यात देखाव्यापुरते. आपल्या लढ्यातला माणूस आतून पाहायचा प्रयत्न हिंदीत एकट्या श्याम बेनेगलांनी केला. ‘त्रिकाल’चं (१९८५) कथानक १९६१मध्ये सासष्टीतल्या लोटलीच्या एका जुन्या वाड्यात घडतं. घरची मालकीण डोना मारिया मेलेल्या नवऱ्याच्या आत्म्याला हाक मारते आणि नवऱ्याऐवजी त्या घराण्याच्या पूर्वजांनी मारलेल्या राणे बंडखोराचं भूत समोर उभं राहतं. विश्वासघाताचा जाब विचारणारं इतकं नेमकं रूपक गोव्यावरच्या दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात मला दिसलेलं नाही. तरीही एक गोष्ट खटकते. राण्यांचा मुलूख सांखळी-सत्तरीचा, म्हणजे डिचोलीचा आणि तिच्या शेजारचा. त्या मुलखातला लढणारा माणूस या चित्रपटात येतो तो भूत म्हणून, तेही सासष्टीतल्या दिवाणखान्यात. त्याचं घर, त्याचा डोंगर, त्याच्या मनातला झगडा पडद्याबाहेरच राहतो.

पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादींतले तालुके, अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेलेले. इथली भाषा, देवस्थानं, सोयरीक हे सगळं सावंतवाडी, बांदा, दोडामार्गाशी जोडलेलं. मुक्तिलढ्याची सीमारेषा याच अंगणातून गेली. पत्रादेवी आणि तेरेखोलचा किल्ला पेडण्यातच. १५ ऑगस्ट १९५५ला हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, तेव्हा पोर्तुगिजांच्या गोळीबारात वीसहून अधिक जणांचा बळी गेला. पत्रादेवीला कर्नैलसिंग बेनिपाल पडले. त्या वर्षीच भारतानं आर्थिक नाकेबंदी केली आणि लेक पलीकडे दिलेल्या घरांना लेकीच्या घरी जाणंही अवघड झालं.

हे हौतात्म्य आपण दरवर्षी आठवतो आणि ते आठवायलाच हवं. पण त्या लढ्याला दुसरी बाजूही होती, आणि ती लढणाऱ्यांनी लपवलेली नाही. १९४७मध्ये स्थापन झालेल्या आझाद गोमंतक दलानं शस्त्रांसाठी पैसा उभा करायला म्हापशात बँकेच्या रकमेवर हात टाकला. चौक्यांवर हल्ले झाले. त्या चौक्यांत बसलेला शिपाई दर वेळी लिस्बनहून आलेला गोरा पाखलो नसायचा. पोर्तुगीज पोलीस दलात गोमंतकीयांचा भरणा मोठा होता. जुलै १९५४मध्ये दादराच्या चौकीवरच्या हल्ल्यात मारला गेलेला उपनिरीक्षक आनिसेतो रोझारियो गोंयकारच होता. हल्ला करणाऱ्यांतही गोंयकार होते.

माझ्या मते गोव्याच्या मुक्तिलढ्याचा खरा चित्रपट इथून सुरू होतो. बंदूक रोखलेल्या माणसाला समोरचा शिपाई ओळखीचा वाटला तर? खबऱ्या म्हणून ज्याच्यावर संशय आहे तो दूरचा मेव्हणा निघाला तर? मार असह्य होऊन कुणी एक नाव सांगितलं, आणि ते सांगितलेलं नाव आयुष्यभर त्याच्याबरोबर राहिलं तर? डिचोलीच्या खाणींतलं लोखंड पन्नाशीच्या दशकात बार्जमधून मांडवीवाटे मुरगावला आणि तिथून जपानला जात होतं. ज्या राजवटीविरुद्ध पत्रकं वाटायची, तिच्याच तिजोरीत भर घालणाऱ्या मजुरीवर घर चालवायचं, या पेचाचं काय? या प्रश्नांना खलनायक लागत नाही. म्हणूनच ते मोठे आहेत.

अशा प्रश्नांवर जगात भक्कम काम झालं आहे. पोलंडच्या आंद्रे वायदांच्या ‘अ‍ॅशेस अँड डायमंड्स’मधला तरुण युद्ध संपल्याच्या दिवशी आपल्याच देशबांधवावर गोळी झाडण्याच्या कामगिरीवर असतो. लारिसा शेपित्को यांच्या ‘द असेंट’मध्ये (१९७७) दोन सोव्हिएत गनिमांपैकी एक फासावर जातो; दुसरा जीव वाचवायला शत्रूला सामील होतो आणि मग पट्ट्यानं गळफास घ्यायला गेला तरी मरण त्याला जवळ करत नाही. केन लोच यांच्या ‘द विंड दॅट शेक्स द बार्ली’मध्ये (२००६) आयरिश डॉक्टर लहानपणापासून ओळखीच्या पोराला खबर दिल्याबद्दल स्वतः गोळी घालतो. हे चित्रपट पाहून पोलिश किंवा आयरिश स्वातंत्र्यलढा लहान झाल्यासारखा वाटत नाही. उलट, ही माणसं किती ओझं घेऊन चालली होती ते कळतं.

मराठीला हे जमणारच नाही असंही नाही. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या ‘२२ जून १८९७’नं (१९७९) ते करून दाखवलं आहे. रँडच्या वधाचा जयघोष करून हा चित्रपट थांबत नाही. चाफेकर बंधूंच्या धाडसाबरोबर त्यांचा कर्मठपणाही तो पाहतो आणि त्यांची खबर देणाऱ्या द्रविड बंधूंपर्यंत जातो. फितुरीचा सूड म्हणून पुण्यातल्याच मराठी माणसांनी पुण्यातल्याच मराठी माणसांवर गोळ्या झाडल्या, ही गोष्ट त्यानं आवाज न चढवता मांडली. कोकणी चित्रपटाकडेही ही ताकद आहे. लक्ष्मीकांत शेटगावकर यांच्या ‘पल्तडचो मनीस’ला २००९मध्ये टोरांटोत समीक्षकांचा फिप्रेस्की पुरस्कार मिळाला. जंगलातल्या वनरक्षकानं एका मनोरुग्ण बाईला घरात घेतलं, एवढ्याच धाग्यावर गावाची नीती तपासणारी ही कलाकृती. ज्या मातीत ही नजर तयार झाली, तिथं मुक्तिलढ्याचा असा चित्रपट का होऊ नये?

कारणं मला दिसतात ती अशी. पहिलं, १९६१च्या डिसेंबरात लष्करानं साधारण छत्तीस तासांत गोवा मुक्त केला आणि त्या छत्तीस तासांनी आधीची पंधरा वर्षं झाकून टाकली. सिनेमाला रणगाडे दिसले. डोंगरवाटेनं रात्री निरोप घेऊन जाणारा माणूस दिसला नाही. दुसरं, १९६७च्या जनमत कौलात महाराष्ट्रातल्या विलीनीकरणावरून स्वातंत्र्यसैनिकांचेच दोन तट पडले. जुन्या सहकाऱ्यांविषयी मोकळं बोलणं तेव्हापासून राजकारण ठरू लागलं. तिसरं कारण सगळ्यात माणुसकीचं: तालुके लहान आहेत. कुणाच्या आजोबांनी काय केलं हे गावाला माहीत असतं, आणि पुढच्या पिढीला तोंड दाखवायचं असतं. या मौनाला मी दोष देत नाही. पण काल्पनिक कथा असते ती अशाच वेळी कामी यावी म्हणून. नावं बदलता येतात, गाव बदलता येतं, पेच तेवढा खरा ठेवता येतो.

२००४पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो. जगभरचे युद्धपट पणजीत बसून पाहता येतात. त्या पडद्यापासून बेती मांडवीपलीकडे, फेरीबोटीच्या अंतरावर. सावईवेऱ्याला मुलांना मराठी शिकवणारा सांगलीचा एक तरुण मास्तर, मोहन रानडे, एका रात्री हातात शस्त्र घेऊन त्या चौकीपर्यंत गेला. वर्गातल्या खडूपासून त्या शस्त्रापर्यंतचा रस्ता त्याच्या मनात कसा पार झाला असेल, दारात पहाऱ्यावर कोण उभं होतं, या एवढ्याशा जागेत पूर्ण चित्रपट आहे.

तो अनुभव अंगावर घेतलेली पिढी आता जवळजवळ संपली. मोहन रानडेही २०१९मध्ये गेले. पत्रादेवीच्या स्मारकापुढं उभं राहिलं की मान आपोआप लवते आणि ती लवायलाच हवी. पण दगडावर फक्त नाव कोरता येतं. गोळी झाडण्याआधी हात थरथरला होता, आणि तरीही तो माणूस पुढं गेला, हे दाखवायचं काम कॅमेऱ्याचं आहे. पेडणे-डिचोलीतली पोरं आज हातात कॅमेरा घेऊन उभी आहेत. त्यांनी ते अंगावर घ्यावं.