उसामाचे टेम्पलर दोस्त

क्रुसेडविषयी आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा दोनच दृश्ये रंगवली जातात. १५ जुलै १०९९ची जेरुसलेममधली कत्तल आणि २ ऑक्टोबर ११८७ रोजी तेच शहर परत घेताना सलाहुद्दीनने दाखवलेली दया. आम्हीही वर्षानुवर्षे हेच दाखले देत आलो. मधली अठ्ठ्याऐंशी वर्षे माणसे एकमेकांच्या शेजारी कशी जगली, हे विचारायला आम्हाला उसामा इब्न मुन्किझच्या 'किताबुल इतिबार'ने भाग पाडले.

उसामा (१०९५–११८८) सीरियातल्या शैझरच्या अमीर घराण्यातला. 'इतिबार' आणि आपल्या बोलण्यातली 'इबरत' एकाच धातूतून आलेले शब्द. म्हणजे हा इतिहास नव्हे, धडा घेण्यासाठी म्हातारपणी सांगितलेल्या आठवणी आहेत.

त्यातला एक प्रसंग सगळेच सांगतात. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालनाची शपथ घेऊन तलवार चालवणाऱ्या टेम्पलर साधूंचे ठाणे तेव्हा खुद्द अल-अक्सा मशिदीत होते. उसामा त्यांना आपले दोस्त म्हणतो. तो आला की शेजारची, चर्च केलेली छोटी मशीद ते त्याला नमाजासाठी मोकळी करून देत. एकदा नमाज सुरू असताना एका फिरंग्याने त्याला धरून पूर्वेकडे वळवले आणि अशी प्रार्थना कर म्हणून बजावले. टेम्पलरांनी त्याला हटवले, तर तो पुन्हा आला. शेवटी त्याला बाहेर काढून त्यांनी उसामाची माफी मागितली. हा नुकताच आलाय, पूर्वेखेरीज दुसरीकडे तोंड करणारा माणूस त्याने पाहिलेला नाही, असे ते म्हणाले.

याला सहिष्णुतेचा दाखला म्हणणारे लेख आम्ही पुष्कळ वाचले. आमच्या मते ते अर्धवट वाचन आहे. जागा मुळात कोणाची होती? आणि परवानगी कोण देत होते? पण ते कब्जेदार होते एवढे म्हणून उठणेही अर्धवटच. तिथे राहून राहून त्या साधूंना किब्ला दक्षिणेला आहे हे ठाऊक झाले होते. शिवाय हाच उसामा फिरंग्यांवर लानत पाठवतो आणि शौर्यापलीकडे त्यांना कसलाच गुण देत नाही. दोस्ती आणि लानत एकाच लेखणीतून उतरते, हे या पुस्तकाचे खरे बळ.

आपल्या मराठी लेखनात क्रुसेडला सर्रास 'धर्मयुद्ध' म्हणतात. तो शब्द महाभारतातल्या नियमाने लढलेल्या युद्धाचा. त्या काळच्या अरबी लेखकांना तर 'सलीबी युद्ध' हा शब्दही माहीत नव्हता; ते नुसते 'फिरंज' म्हणत. आपला 'फिरंगी' त्याच कुळातला.

आता जे आम्ही आजवर लिहिले नाही ते. ४ जुलै ११८७ला हत्तीन जिंकल्यावर सलाहुद्दीनने पकडलेले टेम्पलर आणि हॉस्पिटलर दर कैद्यामागे ५० दिनार देऊन आपल्या ताब्यात घेतले आणि सुमारे २०० जणांची मुंडकी उडवली. त्यासाठी सूफी आणि आलिम पुढे आले; काहींना तलवारही नीट धरता येईना. हे कोण्या पाद्र्याने लिहिलेले नाही. सुलतानाचा स्वतःचा कातिब इमादुद्दीन हे अभिमानाने लिहून गेला. दयेचा दाखला आम्ही त्याच वर्षातून उचलला आणि ही पाने उलटून टाकली.

हत्तीनच्या वेळी उसामा हयात होता, नव्वदी ओलांडलेला. पुस्तक मात्र त्याआधीच लिहून झाले होते.