डावास तोड

उत्तरार्ध लिहिणें हें काम फार जोखमीचें असतें. पूर्वार्धाची लोकप्रियता पाठीशीं असल्यामुळें कर्त्यास तेंच पुन्हा करण्याचा मोह होतो, आणि रसिकही बहुधा तेंच मागत असतात. ह्या नियमास अपवाद म्हणून आम्ही आज एका व्हिडिओ गेमचें नांव घेतों, याबद्दल वाचकांनीं आश्चर्य मानूं नये. सुट्टींत कसबा बावड्याच्या आमच्या घरीं मुलें जमलीं म्हणजे हा खेळ रंगतो. प्रथम आम्ही रागावलों, मग पाहूं लागलों, आणि पाहतां पाहतां विचारांत पडलों.

खेळाचें नांव 'पुयो पुयो'. हिरोशिमाच्या 'कम्पाइल' कंपनीनें तो १९९१ मध्यें प्रथम काढिला. मॉस्कोच्या अलेक्सी पाजित्नोव यांनीं १९८४ मध्यें रचिलेल्या 'टेट्रिस'चा हा वंशज. मात्र येथें जुळवावयाचे असतात ते रंग. सहा रकान्यांच्या व बारा ओळींच्या चौकटींत रंगीत गोळे जोडीजोडीनें वरून पडतात. एका रंगाचे चार गोळे एकमेकांस चिकटले कीं नाहींसे होतात, त्यांवरचे खालीं घसरतात, आणि योजना नीट असेल तर त्यांतूनच दुसरी, तिसरी चौकडी जुळून साखळी लागते. साखळी जितकी लांब, तितके अधिक बिनरंगी गोळे प्रतिस्पर्ध्याच्या चौकटींत कोसळून त्याची वाट अडवितात.

पूर्वार्धाचा दोष येथेंच होता. एकदां निघालेल्या माऱ्यास उत्तर नव्हतें. ज्याची बऱ्यापैकीं साखळी आधीं लागली, तो बहुधा जिंकला. दुसऱ्यानें कितीही सुंदर रचना योजिलेली असो, ती ढिगाऱ्याखालीं गाडली जाई. १९९४ च्या 'पुयो पुयो त्सू'नें हा दोष काढून टाकिला. येऊं घातलेले गोळे आतां स्वतःची साखळी लावून वजा करितां येतात, आणि आपली साखळी मोठी ठरल्यास बाकी उलट प्रतिस्पर्ध्यावर जाते. कोल्हापूरकरांस हें समजण्यास खासबागेचें मैदान आठवणें पुरे. ज्या डावास तोड नाहीं, त्याची कुस्ती कोण पाहील? तोड मिळतांच घाईचें मोल उतरलें. प्रतिपक्षाच्या चौकटीवर नजर ठेवणें, साखळी राखून ठेवणें, वेळ साधणें, यांचें मोल वाढलें. नियम एक बदलला आणि खेळाचा स्वभाव पालटला.

तथापि एक उणीव सांगितलीच पाहिजे. 'त्सू' हा शब्द श्लिष्ट आहे : त्यांत इंग्रजी 'टू'चा ध्वनि आहे, आणि जपानींत त्याचा अर्थ मर्मज्ञ असा होतो. नांव फार खरें ठरलें. मर्मज्ञाच्या लांब साखळीपुढें नवख्याचे दोन दुवे कोठें पुरणार? सेगा कंपनीनें २०२० मध्यें निन्टेन्डो स्विचवर हा खेळ पुन्हा आणिला, तोच आमच्या घरीं आहे. त्यांत सर्वांत धाकटा मुलगा अजून प्रत्येक बाजी हरतो. परंतु पूर्वार्ध खेळतांना तो पहिल्याच माऱ्याला रडत उठून जाई; आतां चौकट भरेपर्यंत बसून राहतो, कारण उत्तर देण्याची आशा शिल्लक असते.

मुलांच्या हातीं खेळ देतांना तो किती वेळ खातो, हें पालक पाहतातच, आणि तें योग्यही आहे. हरणाऱ्यास त्यांत उत्तर देण्यास जागा आहे कीं नाहीं, हेंही त्यांनीं एकदां पाहावें, एवढीच आमची सूचना आहे.