हॉब्जचा माणूस आणि करारातून सुटलेला सार्वभौम

हॉब्ज म्हटलं की आपण एकच गोष्ट घोकत आलो: माणूस मुळात दुष्ट, म्हणून त्याला दंडुका हवा. ‘लेव्हायथन’चा तेरावा अध्याय नीट वाचला तर युक्तिवाद वेगळाच दिसतो. हॉब्ज सुरुवात करतो ती समानतेपासून. अगदी दुबळा माणूसही कपटाने किंवा चार जणांना हाताशी धरून बलवानाचा जीव घेऊ शकतो. म्हणजे निर्धास्त कोणीच नाही. स्पर्धा आणि कीर्तीची हाव असतेच. पण शेजारी सज्जन असला तरी त्याची खात्री नसते, म्हणून आपणच आधी हात उगारतो. वासना म्हणजे पाप नव्हे, असंही तो तिथेच बजावतो.

ग्रंथ आला 1651 मध्ये. इंग्लंडमध्ये 1642 पासून यादवी पेटलेली, 1649 मध्ये राजाचा शिरच्छेद झालेला. तेव्हा ही भीती पुस्तकी नव्हती.

आता त्याचा उपाय पाहू. सगळे एकमेकांशी करार करतात आणि आपले अधिकार एका सार्वभौमाला देतात. सार्वभौम मात्र त्या करारात पक्षकार नाही. त्यामुळे तो करार मोडूच शकत नाही! आपली अडचण इथे आहे. शेजाऱ्याचा भरवसा नाही, मग राज्यकर्ता कुठल्या वेगळ्या मातीचा? पुढे लॉकनेही हेच विचारलं: कोल्ह्यांना भिऊन सिंहाच्या गुहेत का शिरायचं?

हॉब्जचं उत्तर कच्चं नाही. राज्यकर्ता चांगलाच असेल, असं तो म्हणत नाही. वाईट राजवटही यादवीपेक्षा बरी, एवढंच म्हणतो. पण एकविसाव्या अध्यायात तोच मान्य करतो की, सार्वभौम जिवावर उठला तर प्रजाजनाला प्रतिकाराची मोकळीक आहे. न्यायाने दोषी ठरलेल्यालासुद्धा! मग जिवावर बेतलंय की नाही, हे ठरवणार कोण? ज्याचा जीव, तोच. म्हणजे करारात सोडून दिलेला निवाडा पुन्हा माणसाच्या हाती आला. बिशप ब्रॅमहॉलला यात बंडखोरांची शिकवणी दिसली, ती उगाच नव्हे.

ही फट हॉब्जच्या नजरचुकीने पडलेली नाही. जिवाची भीती हाच राज्याचा पाया असेल, तर राज्याची भीतीही त्याच तर्काने खरी ठरते. हॉब्जचं मानवी स्वभावाचं निदान आपण मान्य करू. पण ते सिंहासनावर बसलेल्यालाही लावू. ‘कोणीतरी खंबीर हवा’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या खंबीरपणापासून आपल्याला कोण वाचवणार, हे त्याच दमात विचारायला हवं.