हरित इंधनाची व्याख्या आणि लातूरचं पाणी

आज आमची टीका एका शब्दावर आहे: ‘हरित इंधन’. मालवाहतुकीतला कार्बन कमी करायचा म्हटलं की हा शब्द सगळ्यांत आधी पुढे येतो. न्यायशास्त्रात व्याख्येचा एक दोष सांगितलाय, अतिव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी, अशी व्याख्या केली की म्हैसही गाय होते. तसंच, जे जळताना हवेत नवा कार्बन वाढवत नाही ते हरित, एवढंच म्हटलं की उसाचं एथॅनॉल बिनतक्रार आत शिरतं. मराठवाड्यात बसून आम्हाला हे मान्य करता येत नाही.

२०१६ चा उन्हाळा आठवा. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. एप्रिलमधल्या पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, साधारण ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणी, २५ लाख लिटर. आता नीती आयोगाचा २०२१ चा एथॅनॉलवरचा अहवाल बघा. साखरेपासून एक लिटर एथॅनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, असं त्यात म्हटलंय. यातलं काही पावसाचं असेल, ते सोडून देऊ. तरी भागाकार करा. ५० वाघिणींची ती अख्खी ‘जलदूत’ म्हणजे जेमतेम ८७५ लिटर एथॅनॉल! दोन-तीन मालट्रकांच्या टाक्या, बस.

कुणी म्हणेल, एथॅनॉल तर पेट्रोलमध्ये जातं, ट्रक डिझेलवर चालतो. खरं आहे. एथॅनॉल डिझेलशी नीट मिसळत नाही, म्हणून त्यापासून बनणाऱ्या आयसोब्युटॅनॉलची चर्चा आहे. पण मूळ तोच ऊस, तेच पाणी. कारखान्यातल्या प्रेसमडपासून गॅस करून त्यावर ट्रक चालवा, आमची हरकत नाही. त्यासाठी वेगळा ऊस लावावा लागत नाही.

आणि ते पाणी आलं कशावरून? रुळावरून. लातूरला १९११ मध्ये पोचलेली बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी अरुंद मार्गाची. तो मार्ग रुंद करायला एकविसावं शतक उजाडलं. तो रुंद झाला नसता, तर एवढी जड गाडी मिरजेहून थेट लातुरात आलीच नसती. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं तेव्हा घर्षण कमी, म्हणून त्याच टनाला ऊर्जाही बरीच कमी लागते. इंजिनाची वीज आज बहुतांशी कोळशाची आहे, हे कबूल. पण वीज बदलली की रूळ न उखडता गाडी आपोआप स्वच्छ होते.

मग लातूरची डाळ, सोयाबीन रेल्वेनं का जात नाही? इथं रेल्वेलाही सुनावलं पाहिजे. पूर्ण मालगाडी म्हणजे चाळीसेक वाघिणी, अडीच हजार टनांहून जास्त माल. डाळमिलवाल्याकडे आज पंचवीस टन तयार असतात, तेही एका गावाला दहा, दुसऱ्याला पंधरा. तो ट्रकच बोलावणार. ट्रक मिलच्या दारात लागतो, दुसऱ्या दारात उतरतो. रेल्वेनं न्यायचं तर दोनदा जास्तीची हमाली. १९५१ मध्ये देशातला ८० टक्क्यांहून जास्त माल रेल्वेनं जाई. राष्ट्रीय रेल्वे योजनेनं आजचा वाटा २७ टक्के धरलाय, आणि २०३० पर्यंत तो ४५ करायचा म्हणते. एवढा माल काही नुसत्या कोळशा-सिमेंटनं वाढणार नाही, असल्या किरकोळ गिऱ्हाइकाचाच लागेल.

तसं रेल्वेला हे जमत नाही असंही नाही. २०२० मध्ये किसान रेल सुरू झाली. तिच्यात थोडा मालही घेत होते, वाटेतल्या स्टेशनांवर चढउतार होती. आपल्या नांदेड विभागातल्या नगरसोलहून त्या गाड्यांनी कांदा गेला. भाज्या-फळांच्या भाड्यात निम्मी सवलत होती, हे खरं. पण एथॅनॉलला सरकार भाव ठरवून देतं, कारखान्यांना कर्जाचं व्याज भरून देतं, तेव्हा कुणी नाक मुरडत नाही!

पुढच्या वेळी कुणी पुढारी नांदेडात किंवा लातुरात हरित इंधनावर बोलायला उभा राहिला, तर त्याला एवढंच विचारा: डाळीच्या पाच वाघिणी लातूरहून दर आठवड्याला, ठरल्या वारी निघतील का? आणि मिल ते मालधक्का ही हमाली कोण देणार?