‘कळसूत्री’ लिहून मोकळं व्हायचं?

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये, बसमध्ये नोट्स चाळताना माझ्याच एका ओळीवर अडकले: ‘इतुर्बिदेचं कळसूत्री मंडळ’.

मेक्सिकोचा सम्राट आगुस्तिन दे इतुर्बिदे याने ३१ ऑक्टोबर १८२२ रोजी काँग्रेस बरखास्त केली. दोनच दिवसांत तिच्यातलेच निवडक सदस्य घेऊन ‘हुंता नासिओनाल इन्स्तितुयेंते’ हे मंडळ बसवलं. म्हणजे कळसूत्री होतंच. पण तेवढं लिहिलं की आपण त्याचे कागद उघडतच नाही, घोळ तिथे होतो.

४ जानेवारी १८२३ चा वसाहत कायदा बघा. टेक्सासमध्ये अमेरिकन कुटुंबं वसवायला निघालेला स्टीफन ऑस्टिन त्यासाठीच मेक्सिको सिटीत ताटकळत होता. त्यातलं एक कलम गुलामांची खरेदी-विक्री थांबवतं आणि साम्राज्यात जन्मलेल्या त्यांच्या मुलांना चौदाव्या वर्षी मुक्त करतं. (गुलाम सोबत आणायला मात्र मनाई नाही, हेही वाचा.) मार्चमध्ये मंडळ गेलं, सम्राटानेही गादी सोडली. परत आलेल्या काँग्रेसने एप्रिलमध्ये कायदा स्थगित केला, पण ऑस्टिनची परवानगी कायम ठेवली!

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘अल्पजीवी’ असेल, तर गाइड विचारणारच: संस्था अल्पजीवी, की तिचा कायदा? माझी ती ओळ मी खोडली नाही. शेजारी पेन्सिलीने ‘ऑस्टिन’ लिहून ठेवलंय.