उष्णतेची मोजपट्टी आणि ‘द शेख’

प्रणयकादंबरीच्या ‘उष्णते’ची श्रेणी शृंगारवर्णनाचा उघडेपणा मोजते, संबंधांतील हिंसा तिच्या कक्षेत येत नाही. ई. एम. हल यांच्या ‘द शेख’मध्ये (१९१९) डायना मेयोवरील बलात्कार दोन प्रकरणांमधल्या मौनात घडतो. श्रेणीच्या हिशेबी ही कृती जवळजवळ थंडच ठरावी. तरीही ‘डार्क रोमान्स’चे बीज तिच्यात आहे, कारण नायिका अखेर अपहरणकर्त्यावरच प्रेम करू लागते. कॅथलीन वुडिविस यांच्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ने (१९७२) शयनगृहाचे दार उघडले, बळजबरीची संरचना मात्र राखली. नायकाच्या आरंभीच्या क्रौर्याला उत्तरार्धात दडलेल्या प्रेमाचा अर्थ कसा दिला जातो, हे जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये दाखवलेच आहे. आजच्या अनेक डार्क रोमान्सच्या आरंभी छापलेली इशाऱ्यांची यादी (ती जाहिरातही असते, हे खरे) त्या श्रेणीहून प्रामाणिक वाटते. कोणावर काय लादले जाणार, एवढे तरी ती सांगते.